रेशनचा गहू, सेलेनियम आणि आपण

(काला अंब, पानिपत येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण जमलो आहोत ती जागा मराठी माणसाला निराळी सांगावी लागत नाही. १७६० च्या नोव्हेंबरपासून अडीच महिने मराठ्यांची छावणी या पानिपतावर अडकून पडली. अब्दालीने दिल्लीकडची वाट रोखली, रसद तुटली आणि उपाशी फौजेला १४ जानेवारी १७६१ रोजी मैदानात उतरावे लागले. आज याच पंजाब-हरयाणाच्या मुलखातून रेशनचा गहू महाराष्ट्रात येतो. मंडीत खरेदी होते, गोदामात थप्पी लागते, मालगाडीचे रेक भरतात. ही रसद चालवणारे हात आपले आहेत. म्हणून या गव्हाविषयी चार शब्द बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे डोके खाजू लागले, केस हात लावताच मुळासकट येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. त्यात तरुण मुली होत्या, शाळकरी पोरे होती. मुलींनी कॉलेजला जाणे सोडले, ठरलेली लग्ने अडली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये काहींची नखेही गळू लागली.

पहिला संशय पाण्यावर गेला. हा खारपाणपट्टा, आणि पाण्यात नायट्रेटही जास्त निघाले. काहींनी बुरशीला दोष दिला. विंचूदंशावरील संशोधनामुळे जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहू तपासून घेतला. सेलेनियम रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले आढळले. जस्त मात्र कमी होते. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. गहू धुऊनही ते फारसे घटले नाही. हा गहू पंजाब-हरयाणाकडून आलेला रेशनचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

गहू धुऊन सेलेनियम का जात नाही, हे समजून घेऊ. ते दाण्यावर बसलेली धूळ नव्हे. सेलेनियम हे गंधकाच्या घराण्यातले मूलद्रव्य. १८१७ साली स्वीडनच्या बर्झेलियसने ते शोधले. मुळांचे जे दार गंधकासाठी उघडते, त्याच दारातून सेलेनियमही आत शिरते. मग मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लात ते गंधकाची जागा घेते आणि दाण्याच्या प्रथिनात गुंफले जाते. ज्या प्रथिनामुळे कणीक चिवट होते, त्यातच ते बसते. आपल्या शरीरालाही फरक ओळखता येत नाही, म्हणून ते स्नायूंच्या प्रथिनांत साठत राहते.

पण म्हणून सेलेनियम हे निव्वळ विष आहे, असे कोणी समजू नये. आपल्या शरीरात २५ प्रथिने अशी आहेत की ती सेलेनियमवाचून बनतच नाहीत. काही पेशींची झीज रोखतात, काही थायरॉइडच्या कामाला लागतात. चीनच्या केशान भागात जमिनीतच सेलेनियम फार कमी आहे. तिथे मुले आणि बाया हृदयविकाराने दगावत. १९७० च्या दशकात सेलेनियमच्या गोळ्या दिल्यावर तो रोग आटोक्यात आला. त्याच चीनच्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ दरम्यान सेलेनियम जास्त झाले आणि लोकांचे केस-नखे गळाली. माणूस तोच, देश तोच. फरक जमिनीचा होता.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम पुरते. ४०० च्या वर जाऊ नये, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. आता हिशेब करा. बुलढाण्यातील त्या गव्हाच्या फक्त २०० ग्रॅम कणकेत २,९०० मायक्रोग्रॅम होतात, म्हणजे मर्यादेच्या सातपट. कष्टकऱ्याचे पोट तेवढ्या पोळ्यांनी भरत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. ज्याच्या ताटात दूध, अंडी, भाज्या असतात तो पोळी कमी खातो. ज्याचे घर रेशनवर चालते त्याच्या पोटात सारे सेलेनियम जाते.

पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांत शिवालिकच्या पायथ्याला अशी सेलेनियमची जमीन आहे. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने तिचा अभ्यास अनेक वर्षे केला आहे. तिथल्या चाऱ्याने जनावरांची शिंगे-खूर झडतात. शेतात जिप्सम टाकले तर त्यातला गंधक सेलेनियमची वाट अडवतो आणि पिकात ते कमी उतरते. म्हणजे उपाय आहे. तिथला शेतकरी आपला शत्रू नव्हे. त्याचे कुटुंबही तेच धान्य खाते.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. खरेदीच्या वेळी ओलावा आणि खडा-माती पाहतात, तशी या पट्ट्यातील गव्हाची सेलेनियमसाठी तपासणी व्हावी. पोत्यावरील हंगाम, खरेदी केंद्र यांच्या खुणा रेशन दुकानापर्यंत नोंदल्या जाव्यात, म्हणजे दोष निघाल्यास माल कुठला हे शोधता येईल. सदोष धान्य तात्काळ बदलून मिळावे आणि बाधितांना मोफत उपचार मिळावेत.

आपणही काही करू शकतो. माल-धक्क्यावरील साथींनी पोत्यांच्या खुणांवर लक्ष ठेवावे. गावोगावी फिरणाऱ्या टपालवाल्या बांधवांच्या कानावर असा प्रकार आला, तर त्यांनी लोकांना तेलवाल्या वैदूकडे न पाठवता सरकारी दवाखान्यात पाठवावे. त्या घरातला किलोभर गहू नमुना म्हणून बाजूला ठेवायला सांगावा. घरी ज्वारी, बाजरी, डाळी आलटून पालटून खाव्यात. सेलेनियमच्या गोळ्या-पावडरी जाहिरात पाहून घेऊ नयेत.

शेवटी एक इशारा. या प्रकरणाचा आधार घेऊन 'रेशनच बंद करा, हातावर रोकड ठेवा' असे म्हणणारे पुढे येतील. त्यांना ठाम नकार द्या. आपल्याला रेशन हवे आहे आणि ते तपासलेले हवे आहे. या मैदानावर रसद तुटल्याची किंमत आपल्या पूर्वजांनी मोजली. आपली रसद चालू आहे. ती निर्धोक असावी, एवढेच आपले मागणे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!