विमानाच्या इंजिनाचा दरवाजा



गोठ्याला दार बसवायचे असले म्हणजे सुतार विचारतो, "फळी केवढ्या जाडीची घालू?" आणि आपण म्हणतो, "घाल की चांगली जाड. पोरांच्या पोरांना पुरली पाहिजे." दार दोन-चार किलोंनी जड झाले तर बिघडते कुठे? ते बिचारे एका जागी उभे असते.

आज मी ज्या दाराबद्दल बोलणार आहे ते एका जागी उभे नसते. ते विमानाच्या इंजिनाच्या अंगावर असते आणि इंजिनाबरोबर आकाशात जाते. विहिरीवरचे तुमचे इंजिन उघडेच असते. फार तर वर छप्पर. विमानाच्या इंजिनाला मात्र गुळगुळीत आवरण लागते, कारण बाहेरचा वारा ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाने घासत असतो. आवरण आले की आत हात घालायला दरवाजा आलाच. तेल पाहायचे, नळी तपासायची, तर मिस्त्री तो उघडतो आणि काम झाले की लावतो.

आता असे समजा, की एका आराखडेकाराला हुकूम आला: हा दरवाजा हलका कर आणि स्वस्तही कर. विमान वीस-पंचवीस वर्षे उडते. दाराचे जास्तीचे वजन प्रत्येक फेरीला उचलावे लागते आणि त्याचे तेल जळते. तेव्हा हुकूम रास्तच आहे.

पहिला विचार कोणाच्याही मनात येईल तो हा, की पत्रा पातळ करावा. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित फळ्यावर करून पाहावे. दार ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि पत्रा १.६ मिलिमीटर जाड. घनफळ झाले ४३२ घन सेंटिमीटर. ॲल्युमिनियमचे वजन घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, म्हणजे दार १,१६६ ग्रॅमचे. तोच पत्रा १.२ मिलिमीटरचा घेतला तर ८७५ ग्रॅम. पाव हिस्सा वजन गेले. छान!

पण थांबा. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी पाऊणपट केली तर ताठपणा पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण, म्हणजे चौसष्टात सत्तावीस उरतो. वजन चतकोर वाचले आणि ताठपणा निम्म्याहून जास्त गेला. हा सौदा काही बरा नव्हे. वळवाच्या वादळात घराचे पत्रे उडतात, ते वारा खालून शिरल्यामुळे तर खरेच, पण वरून वेगाने जाणारा वारा त्यांना वर ओढतो म्हणूनही. इंजिनाच्या दारालाही वारा असाच बाहेर ओढत असतो. पत्रा लेचापेचा असेल तर त्याची कड ओठासारखी उघडते आणि एकदा का वारा त्या फटीत शिरला, की मग दाराचे काही खरे नाही.

यावरचा उपाय तुमच्या छपरावरच आहे. सपाट पत्रा लवतो, पन्हळी पत्रा लवत नाही. एक पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर पुलासारखे ठेवा, वर एक दगडी पेन्सिल ठेवा. कार्ड खाली वाकेल. आता त्याच कार्डाला लांबीच्या बाजूने दोन-तीन घड्या घाला आणि पुन्हा ठेवा. वजन तेवढेच, कागद तोच, पण कार्ड पेन्सिल मजेत पेलते. विमानवालेही हेच करतात. आतल्या पातळ पत्र्यात साच्याने खोलगट पन्हळी दाबून काढतात आणि तो बाहेरच्या पातळ पत्र्याला चिकटवतात. मोठ्या दारात दोन पातळ पत्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी भरतात. कार्बनच्या तंतूंचे दार याहून हलके होते, पण करायला महाग आणि फुटले तर सांधायला अवघड. लहानशा दारासाठी मला तरी दाबलेला ॲल्युमिनियमचा पत्राच पसंत. मात्र जिथे आच लागते किंवा आगीची भीती असते तिथे ॲल्युमिनियम चालत नाही. तिथे पोलाद किंवा टायटॅनियम घालावे लागते आणि वजनाची कुरकुर करून उपयोग नसतो.

दाबलेल्या पत्र्याचा दुसरा फायदा पैशांचा. जुन्या धाटणीच्या दारात बाहेरचा पत्रा, आत आडव्या-उभ्या फासळ्या, कोपऱ्यांना तुकडे, आणि हे सगळे जोडायला रिवेट. प्रत्येक रिवेटसाठी भोक पाडा, त्याची कड साफ करा, रिवेट ठोका, मग ते तपासा. पैसा धातूपेक्षा या मजुरीतच जास्त जातो. वीस तुकड्यांच्या जागी दोनच आले, की दार हलकेही होते आणि स्वस्तही.

इथवर आले, की आराखडेकाराला हाव सुटते. त्याची नजर खिट्यांवर जाते. खिट्या जड असतात, महागही असतात. एखादी कमी केली तर? इथे मात्र त्याचा हात धरावा.

२४ मे १९१३ नव्हे बरं का, २०१३ ची गोष्ट, अगदी अलीकडची. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून एअरबस ए-३१९ जातीचे विमान ऑस्लोला निघाले. आत ८० माणसे. जमीन सोडता सोडता दोन्ही इंजिनांच्या पंख्यावरचे दरवाजे उखडून गेले. उजव्या इंजिनाची इंधननळी फुटली आणि परत उतरताना त्या इंजिनाला आग लागली. विमान सुखरूप उतरले, कोणालाही इजा झाली नाही. चौकशीत काय निघाले? रात्री मिस्त्र्यांनी दरवाजे उघडले होते, पण खिट्या न लावता ते दुसऱ्या कामाला गेले. काम पुरे करायला परतले ते चुकून दुसऱ्याच विमानाकडे. हे दरवाजे वर बिजागरीला टांगलेले असतात, म्हणून खिट्या लावलेल्या नसल्या तरी मिटल्यासारखेच दिसतात. खिट्या पोटाखाली, जमिनीलगत. वाकून पाहिल्याशिवाय दिसायच्या नाहीत. सकाळी वैमानिकाने विमानाभोवती फेरी मारली, त्यालाही दिसल्या नाहीत. या जातीच्या विमानांचे दरवाजे असे उडून जाण्याचे प्रकार त्याआधीही तीसहून अधिक वेळा घडले होते. इतक्या वेळा घडते तेव्हा नुसता मिस्त्र्यांना दोष देऊन भागत नाही. दार करणाऱ्यानेही आपल्या कागदाकडे पुन्हा पाहायला हवे.

तसे ते पाहिले गेले. पुढची खिटी नव्याने घडवली. तिला किल्ली दिली आणि किल्लीला ठळक फीत. खिटी नीट बसल्याशिवाय किल्ली बाहेर निघतच नाही. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने २०१६ साली त्या इंजिनाच्या विमानांना हा बदल सक्तीचा केला. किल्लीला वजन आहे, नव्या खिटीला किंमत आहे. पन्हळी दाबून वाचवलेल्या ग्रॅमांतले काही इथे खर्ची पडतात, आणि ते खुशाल पडू द्यावेत.

किल्लीची जागा वैमानिकांच्या खोलीत ठरवलेली आहे. उड्डाणापूर्वी ती तिथे दिसली पाहिजे. दिसली नाही, तर कोणीतरी खाली जातो, इंजिनाखाली जमिनीशी वाकतो आणि खिटी पाहून येतो.