सोनोग्राफीतील ‘गाठी’ आणि किशोरींचे निदान

(अमरावती येथील पालक मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनींनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सभागृहात वडील मंडळीही बसलेली पाहून समाधान वाटले. मासिक पाळीचा विषय निघाला की पुरुषांनी हळूच उठून बाहेर जायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. मात्र मुलीला दवाखान्यात न्यायचे की नाही, हे अनेक घरांत अखेर तेच ठरवितात. तेव्हा त्यांनी ऐकलेले बरे.

काही वर्षांपूर्वी अकोला जिल्ह्यातील एका गावाहून एक माता आपल्या साडेचौदा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. हातात सोनोग्राफीचा अहवाल, डोळ्यांत पाणी. “बाई, पोरीच्या पोटात गाठी हायेत म्हनते, आता इचं लगन कसं जमन?” हा तिचा पहिला प्रश्न. मुलगी खाली मान घालून बसलेली. मुलीचे पोट दुखले म्हणून कोठेतरी सोनोग्राफी झाली होती आणि अहवालात ‘पीसीओडी’ ही चार अक्षरे उमटली होती. मी विचारपूस केली. ऋतुप्राप्ती होऊन दीड वर्ष झालेले, पाळी साधारण चाळीस दिवसांनी येते, चेहऱ्यावर अनावश्यक केस नाहीत, वजन प्रमाणात. त्या मुलीला कोणताही आजार नव्हता.

आता एक कबुली देते. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात मीही असे अहवाल पाहून मुलींच्या कागदावर तेच निदान लिहिले आहे. तेव्हा आम्हाला तसेच वाटत असे. पुढे ज्ञान वाढले, निकष बदलले. पण कागदावर लिहिलेला शब्द मुलीच्या मनातून पुसला जात नाही, हे मला फार उशिरा उमगले.

हा विकार मुळात नवा नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन वैद्यांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून आधुनिक वैद्यक त्याला ओळखते. नावात ‘सिस्ट’ असल्याने सगळा घोळ झाला. त्या गाठी नव्हेतच! बीजांडकोशात दरमहा वाढू लागणाऱ्या बीजकोषिका अर्ध्यावर थांबतात, त्याच पडद्यावर काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. मूळ दोष संप्रेरकांच्या तोलाचा. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, ते रक्तात वाढते आणि बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक निर्माण करावयास लावते. त्यातून अनियमित पाळी, हनुवटीवरचे केस आणि पुढे मधुमेहाचा धोका.

२००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी तीन लक्षणे ठरविली. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र. तिन्हींपैकी दोन आढळली की निदान. प्रौढ स्त्रीसाठी हे ठीक. परंतु किशोरवयात मेंदू आणि बीजांडकोश यांचा संवाद नुकताच सुरू झालेला असतो. त्या काळात पाळी मागे-पुढे होणे स्वाभाविक, मुरुमे स्वाभाविक, आणि ते ठिपकेही स्वाभाविक! म्हणजे रॉटरडॅमची फूटपट्टी लावली तर निरोगी मुलीही रोगी ठरायच्या. शिवाय अविवाहित मुलीची तपासणी पोटावरून होते, त्यात चित्र तितके स्पष्ट येत नाही.

म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने आणि २०२३ च्या सुधारित आवृत्तीने स्पष्ट सांगितले की, ऋतुप्राप्तीनंतर आठ वर्षे उलटेपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. एएमएच ही रक्ततपासणीही या वयात निदानासाठी नको. किशोरीत अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, दोन्ही हवीत. अनियमित म्हणजे काय, हेही ठरले आहे. पहिल्या वर्षी कसेही चालते. एक ते तीन वर्षांत एकवीस दिवसांच्या आत किंवा पंचेचाळीस दिवसांनंतर येणारी पाळी अनियमित. तीन वर्षांनंतर ही वरची मर्यादा पस्तीस दिवस. पहिल्या वर्षानंतर एखादी पाळी जरी नव्वद दिवस लांबली, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आलीच नाही, तर मात्र वाट पाहू नका. दोनपैकी एकच लक्षण असेल तर मुलीला रोगी न म्हणता ‘जोखीम असलेली’ म्हणायचे, त्रासावर उपचार करायचे आणि पुढे पुन्हा तपासायचे. थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि अधिवृक्क ग्रंथीचे दोषही आधी वगळावे लागतात.

आता प्रमाण किती? वृत्तपत्रांत ‘पाचपैकी एक मुलगी’ असे मथळे येतात. मुंबईत पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींची पाहणी झाली, ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. रॉटरडॅमच्या निकषाने प्रमाण आले २२.५ टक्के, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य अनिवार्य धरणाऱ्या निकषाने त्याच मुलींत ते १०.७ टक्के! मुली त्याच, फूटपट्टी बदलली. आंध्रातील पंधरा ते अठरा वयाच्या विद्यार्थिनींच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते ९.१३ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रजननवयीन स्त्रियांत आठ ते तेरा टक्के सांगितले होते. मथळा वाचून घाबरण्यापूर्वी निकष कोणता, एवढे विचारावे.

याचा अर्थ हा विकार थोतांड आहे, असा मात्र मुळीच नाही. उलट खऱ्या रुग्ण मुली आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. अकोल्यात शिकवणी वर्गांसाठी वाशीम, बुलढाण्याहून मुली येऊन राहतात. दिवसभर बैठक, मेसचे जेवण, रात्रीचे जागरण. पाळी चार महिने आली नाही तरी “परीक्षेचा ताण असेल” म्हणून विषय संपतो. मानेवर काळी, मखमली त्वचा दिसते, तर आई मळ समजून बेसनाने घासते. तो मळ नव्हे, शरीरातील इन्सुलिनची तक्रार आहे. केस तर पार्लरमध्ये काढले जातात, डॉक्टरला दिसतच नाहीत. ते आपणहून सांगावे लागतात. सडपातळ मुलींनीही गाफील राहू नये. आपली भारतीय शरीरे बारीक दिसली तरी आत चरबी बाळगतात, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आणले.

उपचारांत व्यायाम पहिला. किशोरींनी रोज किमान साठ मिनिटे घाम येईल असा व्यायाम करावा, असे मार्गदर्शिका सांगते. ज्या अमरावतीने १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले आणि ज्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकप्रसंगी भारतीय व्यायामप्रकार दाखविले, त्या अमरावतीत हे मला सांगावे लागते! अमुकच एक आहार श्रेष्ठ, असे सिद्ध झालेले नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी पुरेशी आहे.

गोळ्यांबद्दल एक सांगते. पाळी नियमित करण्यासाठी आम्ही संप्रेरकांची गोळी लिहितो. औषधाच्या दुकानात कोणीतरी ‘ही तर गर्भनिरोधक’ म्हणतो आणि घरी पहिलेच पाकीट कचऱ्यात जाते. तिचे नाव काहीही असो, येथे ती गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी असते. मनात शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नको. विवाह आणि मातृत्व यांविषयीही सांगते, या विकाराच्या बहुसंख्य स्त्रिया माता होतात, काहींना औषधांचे साहाय्य लागते इतकेच. आणि खिन्नता, अबोलपणा दिसला तर त्याचीही चौकशी करावी; या मुलींत नैराश्य अधिक आढळते.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ या नावाने सल्ला केंद्रे चालतात, तेथे चौकशी करा. येताना सोनोग्राफीची फाईल आणली नाही तरी चालेल. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर मुलीने स्वतः खुणा केलेल्या गेल्या सहा महिन्यांच्या तारखा तेवढ्या घेऊन या. त्या अकोल्याच्या मुलीने पुढील वर्षभर तशाच खुणा करून आणल्या होत्या; शेवटचे तीन अंतर तेहतीस, एकतीस आणि बत्तीस दिवसांचे होते.