नकाशांतलीं नांवें

भुसावळ आणि यावल हे जळगांव जिल्ह्यांतील शेजारशेजारचे तालुके आहेत. एका नांवाच्या शेवटीं 'ळ' आहे, दुसऱ्याच्या शेवटीं 'ल' आहे. खानदेशांतील शाळकरी मुलास हा भेद शिकवावा लागत नाहीं. परंतु हींच नांवें रोमन लिपींत लिहिलीं कीं दोहोंचा शेवट एकच होतो. आणि तेथून तीं परत देवनागरींत आणूं म्हटल्यास मूळचा 'ळ' कोठें होता व 'ल' कोठें होता, हें ओळखण्याची खूण उरत नाहीं. यंत्रानें असा उलट प्रवास केला म्हणजे धुळ्याचें 'धुले' होतें आणि जळगांवचें 'जलगांव' होतें. चूक एका अक्षराची दिसते. पण भिंतीवर टांगावयाचा नकाशा आतां खिशांतल्या दूरध्वनींत आला आहे, आणि पाहुणा, पार्सल व रुग्णवाहिका त्याच्याच भरंवशावर दारापर्यंत येतात. म्हणून नकाशांतील नांव कोणीं, कसें आणि किती वेळां लिहावें, हा प्रश्न घरोघरचा झाला आहे.

नांवांचा घोळ खानदेशास नवीन नाहीं. इंग्रजी अमदानींतील कागदपत्रांत धुळें हें 'धुलिया' म्हणून वावरत होतें. रेल्वेनें त्या स्टेशनास दिलेलीं 'डी एच आय' हीं संकेताक्षरें आजही त्या जुन्या लेखनाशींच जुळतात. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर तेच जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. एदलाबादचें मुक्ताईनगर झालें. २०१० सालीं राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हां सुरतेहून धुळें-जळगांववरून नागपुराकडे जाणारा सहा क्रमांकाचा रस्ता त्रेपन्न क्रमांकाचा झाला. कागद बदलले, तरी लोकांच्या जिभेवरचीं नांवें एका दिवसांत बदलत नाहींत. पूर्वी अशा वेळीं सरकारी मोजणीखातें एक लेखन ठरवी व तेंच छापलें जाई. तें लेखन चुकीचें असले तरी निदान एक असे.

आतां एक निराळाच नकाशा अस्तित्वांत आला आहे. सन २००४ मध्यें इंग्लंडांत स्टीव्ह कोस्ट यांनीं 'ओपनस्ट्रीटमॅप' नांवाचा उपक्रम सुरू केला. हा नकाशा कोणा एका खात्याचा नाहीं. नांव नोंदविणारा कोणीही मनुष्य त्यांत आपल्या गांवचा रस्ता, विहीर, शाळा किंवा देऊळ भरूं शकतो, आणि कोणासही तो विनामूल्य वापरतां येतो. २०१० सालीं हैतीमध्यें मोठा भूकंप झाला, तेव्हां जगभरच्या स्वयंसेवकांनीं घरबसल्या तेथील राजधानीचे रस्ते काढून दिले व मदत करणाऱ्यांस त्यांचा उपयोग झाला. जें गांव छापील नकाशांत एक ठिपकाही नव्हतें, त्यास या पद्धतीनें गल्लीबोळांसह नकाशांत स्थान मिळूं शकतें. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु अनेक हात लागले म्हणजे अनेक पद्धतीही येतात. या नकाशांतील प्रत्येक वस्तूस चिठ्ठ्या जोडलेल्या असतात. त्यांस 'टॅग' म्हणतात. चिठ्ठीच्या एका बाजूस रकान्याचें नांव आणि दुसऱ्या बाजूस त्यांतील मजकूर, असें तिचें स्वरूप असतें. एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरांत थोरल्या सुनेनें एका डब्यावर 'तिखट' लिहिलें आणि धाकटीनें दुसऱ्यावर 'मिरचीपूड' लिहिलें, तर दोघींचेंही चुकलें असें म्हणतां येत नाहीं. पण तिखट किती शिल्लक आहे असें विचारल्यावर जो केवळ 'तिखट' ही चिठ्ठी शोधील, त्याचा हिशेब अर्धाच भरेल. सातपुड्याच्या झाडीचें असेंच होऊं शकतें. कोणी तिला 'नैसर्गिक रान' या रकान्यांत घालतो, कोणी 'जमिनीचा उपयोग : वन' असें लिहितो. दोन्ही चिठ्ठ्या प्रचारांत आहेत; म्हणून एकीवरच विसंबून जंगलाचें क्षेत्र मोजणारा फसतो.

याहून घातक अशी दुसरी द्विरुक्ति आहे. एका स्वयंसेवकानें शाळेच्या जागीं ठिपका ठेवून नांव लिहिलें. दुसऱ्यानें इमारतीची आकृति काढून तिलाही तेंच नांव दिलें. तिसऱ्यानें आवाराची कुंपणरेषा आंखून पुन्हां तेंच नांव जोडलें. गांवांत शाळा एक, पण यंत्राच्या मोजणींत तीन! शाळेच्या जागीं आरोग्यकेंद्र आहे अशी कल्पना केली, म्हणजे या चुकीचें गांभीर्य ध्यानांत येतें. दवाखाना कोठें कमी आहे हें जो अधिकारी नकाशावरून ठरवील, त्यास एका दवाखान्याचे तीन दिसले तर ज्या गांवास खरी गरज आहे तें मागेंच राहील. यास्तव या नकाशाचा एक मूलभूत नियम आहे : वस्तु एक, तर नोंद एक. शाळेचें नांव आवारास द्यावें. आंतील इमारत ही नुसती इमारत म्हणून दाखवावी.

नांवाच्या लेखनाविषयींही संकेत आहेत. नांव संक्षेपानें लिहूं नये, हा त्यांतील एक. खानदेशांत याचें महत्त्व फार आहे. 'बुद्रुक' हा शब्द फारसी 'बुजुर्ग' म्हणजे थोर यावरून आला आणि 'खुर्द' म्हणजे लहान. एकाच नांवाचीं थोरलीं-धाकटीं गांवें या दोन शब्दांनींच ओळखलीं जातात. चोपडें तालुक्यांत 'धानोरे प्र. अडावद' असें नांव सरकारी यादींत आढळतें, त्यांतील 'प्र.' हा जुन्या परगण्याचा अवशेष आहे. कोणी 'बु.' लिहिलें, कोणी 'बुद्रुक' लिहिलें, कोणी रोमन लिपींत दोन अक्षरांवर भागविलें, तर माणूस तें समजून घेईल. यंत्राच्या लेखीं मात्र तीं तीन गांवें होतात.

पण द्विरुक्ति काढण्याच्या उत्साहांतही धोका आहे. जळगांव खानदेशांत आहे, तसें बुलढाणा जिल्ह्यांत जळगांव जामोद आहे. अमळनेर येथें आहे आणि बीड जिल्ह्यांतही आहे. पिंप्री आणि वडगांव तर ठायींठायीं आहेत. नांव सारखें दिसतांच दुसरी नोंद पुसून टाकणारा मनुष्य कचरा काढीत नसून एक जितेंजागतें गांव नकाशावरून उठवीत असतो. नांव एक म्हणून गांव एक ठरत नाहीं, आणि नांवें दोन म्हणून गांवें दोन ठरत नाहींत. हा निवाडा दूरच्या खोलींत बसून होत नाहीं. तेथें जाऊनच करावा लागतो. जमिनीवर जें आहे तें लिहावें, असा या नकाशाचा दंडकच आहे.

मग अनेक नांवांपैकीं खरें कोणतें? येथें या नकाशाची रचना उपयोगी पडते. मुख्य नांव, जुनें नांव, दुसरें प्रचलित नांव आणि प्रत्येक भाषेंतील नांव, यांस स्वतंत्र रकाने आहेत. मुक्ताईनगर मुख्य रकान्यांत लिहून एदलाबाद हें 'जुन्या नांवा'च्या रकान्यांत ठेवतां येतें. मुलताईजवळ उगम पावणारी नदी मध्यप्रदेशांत 'ताप्ती' म्हणवते आणि खानदेशांत 'तापी' होते. तिचीं दोन्ही नांवें नांदूं शकतात. भारतांतील बहुतेक गांवांच्या मुख्य रकान्यांत रोमन लिपींतील लेखन आहे. मराठी नांवाचा रकाना कोणीं भरला नाहीं, तर यंत्र रोमन अक्षरांवरून अंदाज करतें आणि 'ळ' जातो. अहिराणी बोलणाऱ्याच्या तोंडीं तर धुळें हें 'धुये' आणि जळगांव हें 'जयगाव' असतें. आंतरराष्ट्रीय सूचींत अहिराणीस 'ए एच आर' अशीं स्वतंत्र संकेताक्षरें आहेत. तेव्हां आजीच्या तोंडचें नांवही नकाशांत योग्य जागीं बसूं शकतें. तें मुख्य नांवाशीं भांडत नाहीं, कारण त्याचा रकाना वेगळा आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांवचीं दप्तरें पालथीं घालून इतिहासाचीं साधनें जमविलीं आणि १९२६ सालीं धुळ्यासच देह ठेवला. जुन्या पत्रांतील गांव आज कोणतें, हें कळल्याखेरीज त्या पत्राचा पुरा अर्थ लागत नाहीं. आज लिहिलेलें नांव हेंही उद्यांच्या संशोधकाचें साधन आहे.

हें काम मोठ्या विद्वत्तेचें नाहीं. सुटींत गांवीं गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास तें सहज करतां येईल. त्यानें नवी नोंद करण्यापूर्वी जुनी आहे कीं काय तें पाहावें. वेशीवरची पाटी वाचावी. पारावर बसलेल्या वडीलधाऱ्यांस नांव विचारावें आणि तें पूर्ण, त्यांच्या उच्चाराप्रमाणें लिहावें. पुसण्यापूर्वी दोनदां चौकशी करावी. इतकें झालें तर रात्रीं-अपरात्रीं निघालेली रुग्णवाहिका खुर्दाऐवजीं बुद्रुकास जाणार नाहीं, आणि भुसावळचा 'ळ' भुसावळास व यावलचा 'ल' यावलास राहील.