स्वस्त पैशाचा फुगा



मागे एका गावची बैठक संपल्यावर एका भावाने आम्हाला बाजूला घेतले. म्हणाले, "दोन एकर रस्त्यात गेले. मोबदला जमा झाला. पोरगा म्हणतो शेअरच्या फंडात टाका, तीन वर्षांत दुप्पट. टाकू का?" आम्हाला धड उत्तर देता आले नाही. शेतकी कॉलेजात आम्ही मातीचा सामू शिकलो, चलनाचा नाही. पण हा प्रश्न आता गावोगाव आहे. म्हणून आज कापसाचा भाव थोडा बाजूला ठेवून जपानची हकीकत सांगतो.

२२ सप्टेंबर १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांचे अर्थमंत्री बसले. ठरले काय, तर डॉलर उतरवायचा. तेव्हा एका डॉलरला २४० च्या आसपास येन मिळत. १९८७ संपताना १२० च्या आसपास मिळू लागले. हजार डॉलरचा माल अमेरिकेत विकणाऱ्या जपानी कारखानदाराच्या हाती आधी २ लाख ४० हजार येन पडत, ते १ लाख २० हजारांवर आले. मालात खोट नाही, गिऱ्हाईक तेच, पैसे निम्मे! ज्या जपान्याने अमेरिकेचे सरकारी रोखे घेऊन ठेवले होते, त्याचे मुद्दलही येनच्या हिशेबात निम्मे झाले. उलट ज्या अमेरिकन माणसाने येन नुसते घेऊन ठेवले त्याच्या हजाराचे दोन हजार झाले. त्याने इकडची काडी तिकडे केली नव्हती.

कारखानदारांनी ओरड केली. मग जपानच्या मध्यवर्ती बँकेने पैसा स्वस्त केला. १९८६ च्या सुरुवातीला ५ टक्के असलेला व्याजदर फेब्रुवारी १९८७ मध्ये अडीच टक्क्यांवर आणला आणि मे १९८९ पर्यंत तिथेच ठेवला.

युरिया जास्त झाला की कपाशी माजते. छातीएवढी उंच, हिरवीगार. रस्त्याने जाणारा थांबून बघतो. बोंडे मात्र मोजकी, आणि किडीला पर्वणी. जपानात तेच झाले. स्वस्त पैसा सगळाच काही नव्या कारखान्यात गेला नाही. पुष्कळसा आधीच अस्तित्वात असलेल्या जमिनीच्या आणि शेअरच्या मागे लागला. जमीन तारण ठेवून कर्ज, कर्जाने आणखी जमीन, म्हणून भाव वर, म्हणून तारण मोठे, म्हणून आणखी कर्ज. जमीन तीच, तिच्यात एक दाणाही जास्त पिकला नाही. सरकारी टेलिफोन कंपनी एनटीटीचा शेअर १९८७ च्या सुरुवातीला सुमारे १२ लाख येनला लोकांना विकला. एप्रिलात त्याचा भाव ३१ लाखांवर! जन्मात शेअर न घेतलेल्या घरांनी सोडतीत नाव घातले.

मग बँकेला हे दिसले कसे नाही? महाग येनमुळे बाहेरचा माल स्वस्त येत होता. बाजारहाट महागत नव्हती. १९८८ पर्यंत महागाई वर्षाला एक टक्क्याच्या आतच होती. किराणा दुकानात शांतता आणि शेअरबाजारात जत्रा. महागाई फक्त किराण्यात मोजायची, ही सवय तिथे नडली.

२९ डिसेंबर १९८९ रोजी टोकियोचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. बँकेने व्याजदर चढवत ऑगस्ट १९९० पर्यंत ६ टक्क्यांवर नेला. ऑगस्ट १९९२ मध्ये निर्देशांक १५,००० च्या खाली, एनटीटीचा शेअर ५ लाखांच्या खाली. १९८९ चा आकडा पुन्हा दिसायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडले. चाळिशीत पैसे घातलेला माणूस तोवर चौऱ्याहत्तरचा झाला होता.

जपान लांब आहे असे म्हणू नका. फुगा फुटल्यावर तिथला पैसा इतका स्वस्त झाला की, जगभरचे सटोडिये येनमध्ये कर्ज काढून दुसऱ्या देशांत गुंतवू लागले. ३१ जुलै २०२४ ला जपानी बँकेने दर जेमतेम पाव टक्क्यावर नेला, येन चढला. त्यात अमेरिकेतल्या मंदीची धास्ती. कर्ज फेडायला विक्री सुरू झाली. ५ ऑगस्टला निक्केई एका दिवसात १२ टक्क्यांवर कोसळला आणि त्याच दिवशी मुंबईचा सेन्सेक्स २,२०० अंशांनी. पुढे बाजार सावरला, हे खरे. पण त्याच आठवड्यात ज्याला विहिरीसाठी पैसे काढायचे होते त्याचे काय?

त्या भावाकडे आम्ही परत गेलो. त्यांनी विचारले, "मग बँकेत ठेवू?" तिथेही महागाई मुद्दल कुरतडते, हे आम्ही लपवले नाही. मग पाटीवर बसून हिशेब मांडला. सोसायटीचे आणि सावकाराचे देणे आधी वजा. विहीर आणि ठिबक वजा. मुलीच्या शिक्षणाचे तीन वर्षांत लागणारे पैसे वजा; ते बँकेतच. दहा वर्षे ज्याच्याकडे बघावे लागणार नाही, एवढेच फंडात, आणि तेही एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. उरलेला आकडा पोराला फारच लहान वाटला. बाप म्हणाला, "दोन एकर गेले आहेत, तिसरा जायला नको."