वाट मोकळी करणारा वीर : कै. मेजर रामा राघोबा राणे



जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ आढळतात. गुरे सोडविताना, गाव राखताना जो धारातीर्थी पडला, त्याचा तो दगड. पण जो जखमी होऊनही लढला, परत आला आणि पुढे आयुष्य पुरे करून गेला, त्याच्यासाठी दगड घडविण्याची चाल नव्हती. परमवीरचक्र विजेते मेजर रामा राघोबा राणे हे असेच परत आलेले वीर. म्हणून या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळील चेंडिये गावी झाला. वडील पोलीस शिपाई. नोकरी बदलीची, त्यामुळे मुलाचे शिक्षण तुटक झाले. बदलीच्या नोकरीतल्या घरांना हे सांगायला नको. १९४० साली ते बाँबे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत सफरमैना पलटणीत, भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

त्या वेळी काश्मीर पेटलेले होते. राजौरी गाव नोव्हेंबर १९४७ पासून आक्रमकांच्या ताब्यात होते आणि तिथल्या माणसांचे हाल चालले होते. एप्रिल १९४८ मध्ये आपले सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. रणगाडे होते, जवान होते. सडक मात्र नव्हती. सडकेत सुरुंग पेरलेले, मोऱ्या उडवलेल्या, पाइनची मोठमोठी झाडे आडवी पाडलेली. आपल्या मालेगावला अकोला, वाशीम आणि मेहकरच्या सडका येऊन मिळतात. पावसाळ्यात एक नाला चढला तर किती खोळंबा होतो, ते सर्वांना ठाऊक आहे. इथे तर वरून तोफगोळे आणि मशीनगनचा मारा.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांच्या माऱ्यात राणे यांच्या तुकडीतील दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. ते मागे गेले नाहीत. उरलेल्या माणसांची जुळवाजुळव करून त्यांनी काम चालूच ठेवले. विहिरीच्या कामावर सुरुंग लावणारे आपल्याकडे आहेत. बत्ती लावली की ते दूर पळतात. राणे यांचे काम उलटे होते, सुरुंगाकडे सरपटत जाण्याचे. एका ठिकाणी तर ते रणगाड्याखाली शिरले. रणगाड्याच्या चालीने खालून सरपटत, दोरी ओढून चालकाला खुणा देत त्यांनी तो सुरुंगांतून पार नेला. ११ तारखेला चिंगसपर्यंतची वाट मोकळी झाली, तरी रात्री उशिरापर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले. आक्रमकांनी जाण्यापूर्वी अनेक निरपराध लोकांना मारले होते. आणखी उशीर झाला असता, तर उरलेल्यांचे काय झाले असते?

१९४७-४८ च्या या युद्धासाठी पाच जणांना परमवीरचक्र मिळाले. मेजर सोमनाथ शर्मा, नायक जदुनाथसिंग आणि हवालदार मेजर पीरूसिंग यांना ते मरणोत्तर मिळाले. जिवंत राहिले दोघेच, लान्सनायक करमसिंग आणि राणे.

राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. १९८४ मध्ये त्यांच्या नावाचे तेलवाहू जहाज समुद्रात उतरले, तेव्हा ते हयात होते. असे भाग्य विरळाच. ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, पुण्यास त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकाठी त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटालाही त्यांचे नाव देण्यात आले.

या दिवंगत वीरास मालेगावकरांचे विनम्र अभिवादन. तालुक्यातील जे माजी सैनिक मंडपात मागे बसले आहेत, त्यांनी आता कृपया पुढे यावे. शाल-श्रीफळ तयार आहे.