वाट देणारे आणि वाट अडवणारे



मी कॉलेजात गणित शिकवतो. पण आज तुम्हाला पाढे म्हणायला लावणार नाही. आज आपल्याला जायचे आहे स्वयंपाकघरात. आई पोळ्या करते आहे. तवा लोखंडाचा, पण उलथन्याची मूठ लाकडाची. कुकर अ‍ॅल्युमिनियमचा, पण त्याचा दांडा काळ्या बेकेलाइटचा. उकळत्या आमटीत धातूची पळी जरा वेळ राहिली, की आई ती नुसत्या हाताने उचलत नाही, पदराने किंवा फडक्याने धरते. का बरे? हे तिने पुस्तकात वाचलेले नाही. लहानपणी एकदा बोट भाजले आणि धडा पाठ झाला!

काही पदार्थांतून उष्णता झरझर पुढे जाते. त्यांना आपण उष्णतेचे सुवाहक म्हणतो. काहींतून ती रेंगाळत, रडतखडत जाते. ते दुर्वाहक. चांदी, तांबे, अ‍ॅल्युमिनियम हे उत्तम सुवाहक. लाकूड, लोकर, कापूस, बूच, हवा हे दुर्वाहक. तांब्यातून उष्णता लाकडाच्या दोन हजारपटींहूनही अधिक सहज वाहते. पण गंमत अशी, की सगळे धातू सारखे नसतात. स्टेनलेस स्टील दिसायला चकचकीत, पण या कामात तांब्याच्या पंचवीसपट मागे! म्हणून तर काही स्टीलच्या पातेल्यांना खालून तांब्याचा थर दिलेला असतो. नाहीतर मधोमध दूध करपते आणि कडेला कोमटच राहते.

घरी एक प्रयोग करा. मात्र मोठे माणूस जवळ असू द्या. एक तांब्याचा किंवा पितळेचा चमचा, एक स्टीलचा आणि एक लाकडाचा घ्या. तिन्ही साधारण सारख्या लांबीचे हवेत. प्रत्येकाच्या दांड्यावर, एकाच उंचीवर, घट्ट तुपाच्या थेंबाने एकेक वाटाणा चिकटवा आणि तिन्ही चमचे गरम पाण्याच्या भांड्यात उभे करा. कोणता वाटाणा आधी घसरतो? कोणता जागचा हलतच नाही? आधी अंदाज वहीत लिहा, मग पाहा. अंदाज चुकला तर खोडू नका. चुकलेला अंदाज पुष्कळ शिकवतो.

आता एक कोडे घालतो. थंडीतली पहाट आहे. बसायचा लाकडी पाट आणि पाण्याचा पितळी तांब्या, दोन्ही रात्रभर एकाच खोलीत होते. पाटाला हात लावला तर काही वाटत नाही. तांब्याला लावला तर, अरे बापरे, केवढा गार! मग सांगा, दोघांत अधिक थंड कोण?

तुम्ही म्हणाल, तांब्या. चूक! थर्मामीटर लावून पाहा, दोघांचे तापमान एकच. मग फसवले कोणी? आपल्या हातानेच. हात त्या दोघांपेक्षा गरम असतो. पितळ हातातली उष्णता भराभर ओढून घेते, म्हणून हात गारठतो. लाकूड ती घेते, पण कंजुषासारखी, चिमूटचिमूट. आपली त्वचा वस्तूचे तापमान मोजत नाही. आपली उष्णता किती वेगाने चालली आहे, ते सांगते.

दुसरे कोडे. बर्फाचे दोन सारखे खडे घ्या. एक ताटलीत उघडा ठेवा आणि दुसरा घोंगडीत चांगला गुंडाळा. आधी कोणता वितळेल? माझ्या पुतण्याने लगेच सांगितले, "घोंगडीतला! घोंगडी गरम असते ना!" आम्ही करून पाहिले, तर ताटलीतल्या बर्फाचे पाणी झाले आणि घोंगडीतला खडा बराच शिल्लक. कारण घोंगडी मुळात गरम नसतेच. तिच्या केसाळ लोकरीत हवा अडकून बसते आणि अशी थांबलेली हवा फार मोठी दुर्वाहक. थंडीत ती आपली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बर्फाच्या बाबतीत बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. पहारेकरी तोच, फक्त दाराची बाजू बदलली.

या एका गोष्टीवर एकेकाळी मोठा व्यापार उभा राहिला होता, बरं का! १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून तलावांवरचा बर्फ भरून एक जहाज थेट कलकत्त्याला आले. प्रवास चार महिन्यांचा, आणि तोही विषुववृत्त ओलांडून! निघताना सुमारे १८० टन बर्फ होता. पोचला तेव्हा शंभर टनांच्या आसपास शिल्लक होता. ही किमया कशाची? कोणत्याही यंत्राची नव्हे. कोरड्या दुर्वाहकांत तो गच्च बांधलेला होता, इतकेच. पुढे मुंबईला आणि मद्रासलाही असा बर्फ येऊ लागला.

आता तुम्ही विचाराल, पण तांब्यातून उष्णता पळते आणि लाकडातून का पळत नाही? इमारतीचा स्लॅब पडताना तुम्ही पाहिला असेल. मजुरांची रांग लागते आणि सिमेंटचे घमेले या हातातून त्या हातात जाते. जागचे कोणी हलत नाही, पण घमेले पुढे जाते. पदार्थातले अणूही असेच जागच्या जागी थरथरत शेजाऱ्याला उष्णता देतात. लाकडात ही रांग विस्कळीत, म्हणून काम सावकाश. धातूत मात्र रांगेखेरीज आणखी एक सोय असते. तिथे इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण मोकळे हिंडत असतात. ते जणू घमेले घेऊन रांगेच्या मधून धावणारी चपळ पोरे! ती उष्णताही नेतात आणि वीजही नेतात. म्हणूनच उष्णतेचे जे उत्तम सुवाहक धातू, तेच विजेचेही उत्तम सुवाहक. वीडेमान आणि फ्रांत्स या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी धातूंमधले हे नाते १८५३ सालीच दाखवून दिले होते. तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकही नव्हता; तो पुढे १८९७ साली जे. जे. टॉमसन यांनी शोधला.

पण नियम सांगितला, की अपवाद आलाच. हिरा पाहा. त्याच्यात मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून साधा हिरा विजेला वाट देत नाही. पण त्याच्या अणूंची रांग अशी घट्ट आणि शिस्तीची, की उष्णता मात्र तांब्याच्याही सुमारे पाचपट सहज नेतो! जवाहिरे खऱ्या हिऱ्याची पारख करायला एक छोटे उपकरण वापरतात, ते याच गुणावर चालते. काचेचा खोटा हिरा तिथे लगेच उघडा पडतो.

असाच दुसरा उपयोगी पदार्थ म्हणजे अभ्रक. झारखंडातील कोडरमा भाग त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. जुन्या धाटणीच्या इस्त्रीत तापणारी तार अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये बसवलेली असते. पापुद्रा पातळ, म्हणून उष्णता खाली पत्र्यापर्यंत पोचते आणि कपड्यांची घडी बसते. वीज मात्र अडते, म्हणून इस्त्री धरणाऱ्याला धक्का बसत नाही. शिवाय अभ्रक त्या तापाला दादही देत नाही. एकाला वाट द्यायची, दुसऱ्याला अडवायचे, असे नेमके काम पदार्थाकडून करून घेणे, हेच तर शास्त्र!

आता विजेकडे वळू. कोणता पदार्थ विजेला वाट देतो आणि कोणता नाही, हे प्रथम कसे कळले? इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे नावाचे एक गृहस्थ होते. व्यवसाय रंगाऱ्याचा, म्हणजे कापड रंगवण्याचा; पण नाद शास्त्राचा. काचेची नळी घासली, की तिच्यात वीज उत्पन्न होते आणि ती हलक्या वस्तू ओढते, हे माहीत होते. ही वीज सुतळीवरून दूर नेता येईल का, हे ग्रे पाहत होते. १७२९ साली आपल्या एका मित्राच्या घरी त्यांनी लांबलचक सुतळी रेशमी धाग्यांनी टांगली आणि एका टोकाला वीज दिली. दुसऱ्या टोकाचा हस्तिदंती गोळा पत्र्याचे बारीक तुकडे ओढू लागला! सुतळी वाढवता वाढवता एक दिवस रेशीम तुटले. त्याच्या जागी त्यांनी पितळेची बारीक तार लावली. भक्कम काम झाले. पण प्रयोग फसला. कितीही नळी घासा, दुसऱ्या टोकाला काही नाही.

दुसरा कोणी असता, तर वैतागून घरी गेला असता. या दोघांनी विचार केला. तार रेशमासारखीच बारीक आहे. तरी रेशीम वीज राखते आणि पितळ तिला भिंतीत पळवून लावते. म्हणजे प्रश्न जाडीचा नाही, पदार्थाचा आहे! त्यांनी पुन्हा रेशीम लावले आणि पुढे सातशे फुटांहून अधिक लांब वीज नेऊन दाखवली. एका फसलेल्या प्रयोगातून सुवाहक आणि दुर्वाहक हा भेद जगाला कळला.

तुम्हालाही हा भेद तपासता येईल. टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचाच लहानसा बल्ब आणि तारेचे तुकडे घ्या. मंडलात एक फट ठेवा आणि तिच्यात एकेक वस्तू धरा: नाणे, किल्ली, खोडरबर, आगकाडी, काच. पेन्सिलीच्या बोटभर तुकड्याला दोन्ही बाजूंनी टोक काढा आणि तेही लावून पाहा. शिसे म्हणतात, पण ते असते ग्राफाइट आणि माती. दिवा मंद का होईना, लागेल. मात्र हा प्रयोग फक्त सेलवर करायचा. घरातल्या प्लगमध्ये काहीही, कधीही घालायचे नाही. सेल दीड व्होल्टचा. घरातली वीज २३० व्होल्टची. मांजराशी खेळलो म्हणून वाघाच्या पिंजऱ्यात हात घालायचा नसतो.

हे मी इतके बजावून का सांगतो, ते ऐका. मी तेव्हा सहावीत होतो. आम्ही जुन्या वाड्यात राहत होतो. श्रावणातली सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला. अंगणात कपडे वाळत घालायची लोखंडी तार होती, एका टोकाला पत्र्याच्या पडवीला बांधलेली. पडवीतल्या दिव्याची वायर पत्र्यावर घासून सोलवटली होती. ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शेजारच्या काकूंनी ओले लुगडे तारेवर टाकले आणि त्या तशाच थिजल्या. ओरडताही येईना. हात तारेला घट्ट चिकटलेला. विजेने स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही, हे मला पुढे कळले.

त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. "आई!" म्हणून तो धावला, तसे माझे आजोबा गरजले, "हात लावू नकोस!" इतके जोरात, की तो जागीच उभा राहिला. आजोबांनी आईला मेन स्विच बंद करायला पिटाळले. स्वतः ओसरीवरचा कोरडा लाकडी पाट टाकून त्यावर उभे राहिले आणि घरातली कपडे वाळत घालायची कोरडी वेळूची काठी घेऊन काकूंचा हात तारेवरून उडवला. काकू खाली कोसळल्या. तळहात भाजला होता. पण डॉक्टरांकडे नेले आणि त्या वाचल्या.

आजोबा चौथीपर्यंत शिकलेले. सुवाहक, दुर्वाहक हे शब्द त्यांनी ऐकलेही नसतील. पण कोरडे लाकूड विजेला अडवते आणि माणसाचे शरीर तिला वाट देते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. तो मुलगा दोन पावले पुढे गेला असता, तर एकाऐवजी दोन जीव धोक्यात आले असते. माया खोटी नव्हती. पण त्या क्षणी मायेला माहितीची जोड हवी होती.

तेव्हा चार गोष्टी मनात ठेवा. अगदी शुद्ध पाणी विजेला फारसे नेत नाही. पण नळाचे, पावसाचे, घामाचे पाणी शुद्ध नसते, त्यात क्षार मिसळलेले असतात. म्हणून ओल्या हाताने बटणाला शिवू नये. कपड्यांसाठी धातूच्या तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी. विजेच्या तारेत अडकलेला पतंग गेला असे समजावे. पतंग थोड्या रुपयांचा, तुम्ही नाही. आणि कोणाला धक्का बसला, तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा, मोठ्यांना हाक मारावी. रस्त्यावरची तार तुटून पडली असेल, तर मात्र काठीसुद्धा घेऊन जाऊ नये. त्या तारांतला दाब एवढा असू शकतो, की लाकडावर विसंबून चालत नाही. लांब राहावे, इतरांना थांबवावे आणि वीज कंपनीला कळवावे.

तुम्ही विचाराल, मग तारेवरची चिमणी कशी बसते? तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. विजेला तिच्यातून जाऊन पोचण्यासारखे दुसरे ठिकाणच नसते. आपण मात्र जमिनीवर उभे असतो. आपल्यातून जमिनीकडे जायची वाट तिला आयतीच मिळते.

आज घरी गेल्यावर, नव्हे, हे भाषण संपल्यावर लगेच उठा आणि घरभर फिरा. कपडे वाळत घालायची दोरी कशाची आहे? कुठे वायर सोलवटली आहे का? प्लगला तिसरी, जाड आणि लांब पिन आहे ना? ती वीज गळली तर तिला जमिनीकडे सुरक्षित वाट काढून देते. काही दिसले तर स्वतः हात लावू नका, वडिलांना दाखवा. ते म्हणतील, "बघू रविवारी." तुम्ही म्हणा, "बाबा, आजच!" शास्त्राचा अभ्यास असा घरातूनच सुरू होतो.