कायदा झाला, पण सांगितला कोणाला?

(पाड्यापाड्यांवरून आलेल्या प्रतिनिधींच्या शिबिरात संघटनेच्या एका कार्यकर्तीने केलेले भाषण. टेपवरून उतरवून घेतले आहे. बोलणे होते तसेच ठेवले, लांबण तेवढी कमी केली.)



सकाळी दंडाच्या पावत्यांवर बोलणं झालं. आता मला सांगितलंय, ‘अधिसूचना’ म्हणजे काय ते सांग. शब्द अवघड आहे, पण याच शब्दाने आपल्या जमिनी गेल्यात. तेव्हा तो समजून घ्यायलाच लागेल.

मागच्या पावसाळ्यात एक काका माझ्याकडे आले. भर लावणीचे दिवस. हातात एका नोटिशीची नक्कल, ती पण भिजलेली. म्हणाले, “बाय, यात काय लिवलाय?” वाचलं तर हरकत द्यायची शेवटची तारीख होऊन नऊ दिवस गेले होते. आम्ही दोघं त्या कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, “आम्ही काय करणार? नोटीस बोर्डावर लावली होती.” बोर्ड बघितला. आतल्या पडवीत काचेची पेटी, पेटीला कुलूप. नोटीस होती तिथे, पण तिच्यावर अर्ध्यात दुसरा कागद चिकटवलेला. काका म्हणाले, “मी ल्हान होतो तवापासून या बाजाराला येतो. या दाराच्या आत आज पहिल्यांदा आलो.”

साहेब खोटं बोलत नव्हते. नोटीस खरंच लावली होती. त्यांचं काम कागदावर पुरं झालं होतं आणि काकांना काहीच कळलं नव्हतं. आपलं दुखणं नेमकं हे आहे.

आता नीट ऐका. विधानसभा किंवा लोकसभा कायदा करते. तिथे निदान आपण निवडून दिलेली माणसं असतात, पेपरात चार ओळी येतात. पण कायद्यात सगळं लिहिलेलं नसतं. “बाकीचं शासन नियमाने ठरवील” असं शेवटी असतं. मग ते नियम मंत्रालयात बसून अधिकारी लिहितात. अर्ज कोणाकडे द्यायचा, किती दिवसांत द्यायचा, पुरावा कुठला चालेल, हे सगळं नियमात. नियमाखाली अधिसूचना, मग शासन निर्णय म्हणजे जी.आर., त्याच्या खाली परिपत्रक. जितकं खाली याल तितकं ते आपल्या जमिनीच्या जवळ येतं, आणि तितकंच ते आपल्याला कमी कळतं. २७ डिसेंबर १९७८ चा जी.आर. घ्या. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची असं त्यात आहे. आपल्या हिताचा कागद! पण किती पाड्यांना तो त्या वर्षी माहीत होता? ज्याला माहीत नाही तो मागणार कसा?

काही जण म्हणतील, इंग्रजांचाच कायदा वाईट, त्यात सांगायची सोयच नाही. तसं नाही. १९२७ चा वन कायदा आपल्या गळ्याला फास आहे खरा, पण त्यात काय लिहिलंय बघा. कलम ४ खाली सरकार जाहीर करतं की अमुक जमीन राखीव जंगल करायची आहे. मग कलम ६ खाली वन जमाबंदी अधिकाऱ्याने जंगलाच्या आजूबाजूच्या प्रत्येक गावात, तिथल्या लोकांच्या भाषेत जाहीरनामा द्यायचा. जंगल राखीव झालं तर काय काय होईल ते समजावून सांगायचं. कमीत कमी तीन महिने मुदत द्यायची. आणि हक्क लेखी सांगा नाहीतर समक्ष येऊन सांगा, दोन्ही चालतं. म्हणजे अंगठा लावणारा माणूससुद्धा तोंडाने हक्क सांगू शकत होता. पुढे कलम २० ची अधिसूचना निघाली की कलम २१ खाली तिचाही लोकभाषेतला तर्जुमा गावोगाव लावायचा.

आणि सांगितलं नाही तर? कलम ९ वाचा. जो हक्क मुदतीत मांडला नाही तो संपला. कलम २० ची अधिसूचना निघायच्या आधी योग्य कारण पटवून दिलं तर वाचला, नाहीतर गेला. बाप मेला तरी हक्क पोराकडे येतो. पण जाहीरनामा ऐकला नाही तर हक्कच मेला! म्हणून मी विचारते, इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या आजाने, पणज्याने अशी दवंडी ऐकल्याचं घरात सांगितलंय? हात वर करा. (कोणीही हात वर केला नाही.) बघा. रेकॉर्डमधे मात्र “जाहीरनामा प्रसिद्ध केला” अशी ओळ सापडते.

आता कोर्ट काय म्हणतं? दोन खटले सांगते. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्र्यांच्या कौन्सिलने अफूचा कायदा केला. बंद खोलीत ठराव केला, लोकांना सांगितलाच नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्या कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९५१ साली कोर्टाने दंड रद्द केला. जो कायदा लोकांना कळवलाच नाही त्याच्याखाली माणसाला शिक्षा करणं न्यायाला धरून नाही, असा त्याचा अर्थ. हे नाव लक्षात ठेवा.

पण दुसरा खटला पण सांगायला हवा, नाहीतर मी तुम्हाला फसवलं असं होईल. १९६२ साली एक परदेशी माणूस झुरिकहून मनिलाला चालला होता. विमान मुंबईला थांबलं. अंगावर ३४ किलो सोनं. सोन्याबद्दलची नवी अधिसूचना चारच दिवस आधी गॅझेटमधे छापली होती. तो म्हणाला, मला माहीत नव्हतं. कोर्ट म्हणालं, गॅझेटमधे छापलं, तेवढं पुरे. म्हणजे आज कायद्याच्या नजरेत गॅझेट म्हणजे सगळ्यांना सांगितलं. सोनं नेणाऱ्याला हे ठीक असेल. पण आपल्या पाड्यात गॅझेट येतं का? एस.टी. येत नाही तिथे गॅझेट कुठून येणार?

मग आपण काय मागायचं? एक वाट कायद्यातच आहे. काही कायद्यांत ‘पूर्वप्रसिद्धी’ असा शब्द असतो. म्हणजे नियमाचा कच्चा मसुदा आधी छापायचा, तारीख द्यायची, हरकती-सूचना घ्यायच्या, त्यांचा विचार करायचा, मगच नियम पक्का. १८९७ च्या सर्वसाधारण कलमांच्या कायद्यात, कलम २३ मधे ही रीत दिली आहे. पण त्यात दोन भोकं आहेत. एक, मूळ कायद्यात तो शब्द नसेल तर मसुदा दाखवायचं बंधन नाही. दोन, “विचार केला” म्हणजे काय केला, हे हरकत देणाऱ्याला सांगायचं बंधन नाही. वर पक्का नियम गॅझेटमधे आला की तो रीतसर झाला असंच धरलं जातं.

हे का बोलायचं? कारण २४ डिसेंबर १९९६ ला अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा झाला. राज्यांनी आपले कायदे त्याच्याशी जुळवायला एक वर्ष होतं, ते संपलं. आपल्या राज्याने ग्रामपंचायत कायद्यात दुरुस्ती केली, पण नियम यायला २०१४ साल उजाडलं. केंद्राच्या कायद्यात म्हटलंय की गाव म्हणजे साधारणपणे वस्ती, पाडा किंवा पाड्यांचा गट. मग पाड्याची ग्रामसभा वेगळी धरायची की मोठ्या गावात चार तासांवर चालत जायचं? हे नियमात ठरायचं होतं. जमीन संपादन करायच्या आधी “ग्रामसभा किंवा योग्य पातळीवरची पंचायत” यांच्याशी विचारविनिमय करायचा, असं आहे. या एका ‘किंवा’त आपली जमीन अडकली आहे! साहेबाने ग्रामसभा सोडून वरच्या पंचायतीला विचारलं, की झालं काम. नियम लिहिताना आपण तिथे नसलो तर असा ‘किंवा’ आपल्या विरुद्धच वापरला जाईल.

म्हणून आपल्या मागण्या अशा:

१) कुठलाही नियम पक्का करायच्या आधी मसुदा दाखवा, मूळ कायद्यात तो शब्द असो नसो.
२) मसुदा साध्या मराठीत द्या, आणि वारली, कातकरी, गोंडी, भिलीत ग्रामसभेत वाचून दाखवा. वाचणाऱ्याने प्रश्नांची उत्तरं द्यायची, सह्या घेऊन पळायचं नाही.
३) दवंडी पाड्यात आणि आठवड्याच्या बाजारात द्या. नोटीस शाळेत, रेशन दुकानात, एस.टी. थांब्यावर लावा.
४) मुदत ग्रामसभेत वाचल्या दिवसापासून मोजा, गॅझेटच्या तारखेपासून नको. लावणीच्या आणि स्थलांतराच्या दिवसांत मुदत धरू नका.
५) तोंडी हरकत लिहून घ्या आणि पोच द्या. १९२७ साली तोंडी चालत होतं, आज का नको?
६) कुठली हरकत मानली, कुठली नाही आणि का, ते लेखी कळवा.

ही काही भीक नाही. पर्यावरणाच्या परवानगीसाठी एप्रिल १९९७ पासून जनसुनावणी आली. तिथे दोन पेपरांत नोटीस, त्यातला एक स्थानिक भाषेतला, आणि ३० दिवस द्यायला लागतात. पेपर आपल्याकडे पोचत नाही ते सोडा. पण सरकारला सांगता येतं, हे त्यातून दिसतं. कारखान्यासाठी जमतं तर ग्रामसभेच्या नियमांसाठी का जमू नये?

आणि आपलं काम? प्रत्येक पाड्यातून दोन जणं, त्यात एक बाई, दर बाजाराच्या दिवशी कार्यालयात जाऊन बोर्ड बघतील. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराला घेऊन जा. काय लावलंय, कधी लावलंय, शेवटची तारीख काय, वहीत उतरवा. बोर्डावर काही नसेल तर तेही तारखेसह लिहा, कारण उद्या “लावलं होतं” म्हणतील तेव्हा ही वही बोलेल. महिन्याच्या बैठकीत वही आणायची. नियमाचा मसुदा आला असं ज्याला आधी कळेल त्याने त्याच दिवशी निरोप धाडायचा.

त्या काकांची हरकत आम्ही उशिराने का होईना दिली, शिक्का मारून पोच घेतली. उत्तर अजून नाही. पण आता ते दर मंगळवारी त्या दाराच्या आत जातात. शिपाई विचारतो, “काय काम?” काका सांगतात, “बोर्ड वाचायला आलो.” अक्षर येत नाही त्यांना, नात वाचते.

जिंदाबाद!